पांढऱ्या साडीवरची हळद

डाग पडलेला कपडा हातात दिला की माझी आई आधी त्याचा वास घ्यायची. मग उलट बाजू बघायची, नखानं थोडं खरवडायची आणि विचारायची, "कधीचा आहे?" डाग कशाचा आहे हे तिनं कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. ते तिला कळलेलं असायचं. तिला हवं असायचं ते फक्त डागाचं वय. ती श्रीरामपुरातल्या एका दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. रोज सकाळी सात ते दुपारी तीन ती चादरी, अभ्रे, बाळंतिणींचे कपडे, डॉक्टरांचे डगले धूत असे. माणसाच्या अंगातून काय काय बाहेर पडतं आणि ते कापडातून कसं निघतं, हे तिला सगळं ठाऊक होतं, आणि त्याबद्दल ती भाजीबद्दल बोलावं तशी बोलायची.

रेल्वेच्या मालधक्क्यामागे आमची आळी होती. दहा-बारा घरं, बहुतेक आम्हा ख्रिस्ती लोकांचीच. बाबा धक्क्यावर कामाला असत. दिवसभर डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा, आणि तो आवाज थांबला की आम्ही दचकायचो. संध्याकाळी आई घरी आली की ओट्यावर कुणी ना कुणी कपडा घेऊन बसलेलं असायचंच. रक्ताचा डाग असेल तर गार पाणी आणि मीठ, गरम पाणी लावलं की तो जन्माचा पक्का. गंज चढला असेल तर लिंबू, मीठ आणि ऊन. तेल सांडलं तर घासायचं नाही, त्यावर डाळीचं पीठ दाबून ठेवायचं, तेल पिठात येतं. शाई ओली असेल तर दूध. चिखल मात्र वाळू द्यायचा आणि झटकायचा, "ओल्या चिखलाला हात लावणारा मूर्ख," असं आई म्हणायची. आता माझ्या मोबाईलवर रोज कुणीतरी घरगुती युक्त्या पाठवतं, फुलांच्या चित्रांसकट. त्यातल्या निम्म्या चुकीच्या असतात. मी दुरुस्त करून परत पाठवते. लोकांना ते आवडत नाही.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना फुटायची आणि आळीतल्या बाया पिठाला शिव्या घालायच्या. आईनं त्यावरही तोडगा काढला होता. पाणी खळखळ उकळून त्यातच पीठ घालायचं, झाकण ठेवून थोडं मुरू द्यायचं आणि चटका सोसत मळायचं. भाकरी फुटत नसे. चव मात्र मिलोचीच लागायची, त्याला इलाज नव्हता. पाण्याचाही एक क्रम ठरलेला होता. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी मोरीला, आंघोळीचं पाणी परसातल्या शेवग्याला. भांडी राखेनं कोरडीच घासायची आणि शेवटी नुसता ओला हात फिरवायचा. पिण्याचा हंडा वेगळा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि त्याला हात लावायची परवानगी फक्त आईला होती.

आमच्या घरात मोलाची म्हणावी अशी एकच वस्तू होती, आईच्या लग्नातली साडी. पांढरी, रेशमी, काठाला बोटभर रुपेरी जर. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसून चर्चमध्ये जाते. पण रेशमी साडी घेण्याची ऐपत आळीत कुणाचीच नव्हती, म्हणून आईच्या लग्नानंतर तीच साडी आळीतल्या सगळ्या मुली नेसत आल्या. उंच, बुटकी, जाड, बारीक, सगळ्यांना ती पुरली. लग्न झालं की साडी परत आमच्या ट्रंकेत. आई ती रिठ्याच्या पाण्यात धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. मग नीळ देऊन निळ्या केलेल्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवायची, कारण निळ्या कापडात पांढरं रेशीम पिवळं पडत नाही. आत लवंगा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. दर तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर घडीवरच रेशीम चिरतं. आणि एक नियम सगळ्यांत वरचा: रेशमाला ऊन दाखवायचं नाही.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या शालूताईचं लग्न ठरलं. तिची आई, तारामावशी, भाजी विकायची. माणूस वारल्यापासून एकटीनं लेक वाढवलेली, नेवाशाकडची, आवाज असा की दोन घरं पलीकडची मांजरं पळायची. मुलगा नगरचा, शाळेत शिक्षक. त्याच्या आईनं निरोप पाठवला होता की साडी आम्ही नवी घेऊन येतो, तुम्ही खर्चात पडू नका. तारामावशी ओट्यावर उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "त्येन्ला म्हनावं, साडी आमच्या आळीची हाय. माजी पोर उसन्या कापडात जायाची न्हाई."

"अगं, ही पण उसनीच आहे की," आई म्हणाली.

"ही व्हय उसनी? तुजी म्हंजी माजीच की."

आई हसली नाही, पण तिनं त्या दिवशी साडीच्या घडीत दोन लवंगा जास्त टाकल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी शालूताईला हळद लागली. पाळकसाहेब दर लग्नात सांगायचे की हे जुन्या रीतीतलं आहे, सोडा. बाया मान हलवायच्या आणि हळद लावायच्याच. हळद लागली की नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही, दुसऱ्या दिवशी चर्चला निघेपर्यंत. ही रीत तर कुणीच मोडत नसे. आई कामावर गेली होती. जाताना तिनं साडी बाहेर काढून आतल्या खोलीत बाजेवर ठेवली होती, निंबाचा वास उडावा म्हणून, आणि मला बजावलं होतं, "निमे, हिच्याजवळ बसून राहा. हात लावू नको." मी तेरा वर्षांची होते. मला वाटायचं, आईला जे येतं ते सगळं मला येतं.

नऊ-साडेनऊला मागच्या दारातून शालूताई आत आली. हात, पाय, गाल, सगळं पिवळं. बाया तिच्या घरी पुढच्या खोलीत गाणी म्हणत होत्या, त्या आवाजात ती परसातून निसटली होती.

"शालूताई! तू बाहेर कशी आलीस?"

"गप गं. एकदाच बघू दे. सगळ्या आळीनं ती साडी नेसलेली पाहिली मी, पन हातात कदी कुनी दिली न्हाई."

"आई म्हणाली, हात लावू नको."

"तुला म्हन्ली. मला कुटं म्हन्ली?"

आणि तिनं साडी उचलली. हात फडक्याला पुसले होते तिनं, पण हळद पुसून जाते असं ज्याला वाटतं त्यानं ती कधी लावलेली नसते. ती साडी गालाजवळ नेणार, तेवढ्यात माझ्या तोंडून "अगं!" निघालं आणि तिनं घाबरून ती घट्ट धरली. खाली ठेवली तेव्हा घडीच्या मधोमध चार बोटं आणि अंगठा उमटलेला होता. आम्ही दोघी त्याकडे बघत राहिलो. पलीकडे बाया गात होत्या.

"निमे, आय मला जित्ती ठेवायची न्हाई," ती म्हणाली. "हळदीची भाईर आले म्हनून आदी मारल, मंग साडीसाटी."

मी तिला म्हटलं, "तू जा. मी काढते. मला येतं." ती गेली. मी कपड्यांचा साबण घेतला. पाण्याचे बाकीचे सगळे हंडे रिकामे होते, म्हणून पिण्याच्या हंड्यातलं पाणी घेतलं, आणि डागावर साबण चोळला.

डाग लाल झाला. हळूहळू नाही, साबण लागला तसा, बघता बघता, कुंकू कालवावं तसा लालभडक. मी आणखी साबण लावला. आणखी लाल. मी आणखी पाणी ओतलं. पांढऱ्या साडीवर कुणीतरी रक्ताचा हात पुसल्यासारखं दिसत होतं, आणि ती साडी दुसऱ्या दिवशी दहा वाजता चर्चमध्ये जायची होती. हळदीला साबण लावला की ती लाल होते, हे आता मी कुणालाही शांतपणे सांगते. त्या दिवशी मला वाटलं, माझ्यावर देवाचा कोप झाला. मी साडी निळ्या धोतरात गुंडाळली, छातीशी धरली आणि दवाखान्याकडे पळत सुटले.

धुलाईघरात आई मोठ्या पातेल्यात चादरी काठीनं ढवळत होती. मी गाठोडं उघडलं. तिनं काठी भिंतीला टेकवली, हात पुसले, साडीचा वास घेतला.

"साबण लावलास?"

"हो."

"पाणी कुठलं?"

"पिण्याच्या हंड्यातलं."

तिनं डोळे मिटले, उघडले. "किती राहिलंय?"

"तळाला."

"आणि हा हात कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

आईनं माझा उजवा हात धरला आणि डागावर ठेवला. डागाची बोटं माझ्या बोटांच्या अर्धं पेर पुढे गेली होती. तिनं तो हात तसाच क्षणभर धरून ठेवला, तिच्या तळहाताची कातडी सोड्यानं सोललेली, खरखरीत, आणि मग सोडून दिला.

"बरं," ती म्हणाली. "तुझा तर तुझा. मग उन्हात तूच बसायचं."

ती मुख्य बाईंना सांगून निघाली. निघताना दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून एक लिंबू मागून घेतलं. दुष्काळात लिंबूही मागूनच घ्यावं लागायचं. घरी आल्यावर तिनं परातीत थोडं पाणी घेतलं, अर्धं लिंबू पिळलं आणि डागाचा भाग तेवढा बुडवला. लाल रंग जागच्या जागी पिवळा झाला. मी "आई गं!" म्हणून ओरडले. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "अजून काही गेलेलं नाही. जसा होता तसा झालाय फक्त. हळद पाण्यानं जात नाही, ती उन्हानं जाते."

"पण रेशमाला ऊन..."

"म्हणूनच म्हणते, बस."

तिनं परसात बाज टाकली. बाजेवर ओली चादर, तिच्यावर साडी, आणि साडीवर दोन्ही बाजूंनी जुन्या चादरी अशा पसरल्या की मधली दोन विती जागा तेवढी उघडी राहिली. डागाला ऊन, बाकी सगळ्या साडीला सावली. माझं काम असं, की डागावर ओल्या बोटांनी पाणी शिंपडायचं, कारण ओल्या कापडावरची हळद लवकर उडते. शेवग्याची सावली सरकली की बाज सरकवायची. आणि कावळे, धूळ, बकऱ्या यांच्यावर लक्ष ठेवायचं. पाणी वाटीभर. त्यापेक्षा जास्त मिळणार नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडे एकच गोष्ट मुबलक होती, ऊन. बारा वाजता डाग हळदीसारखा होता, एकला पिकल्या केळ्यासारखा. मी दर थोड्या वेळानं डोळे मिटून परत उघडायची, फरक दिसावा म्हणून.

दोनच्या सुमाराला तारामावशी परसात आली. आईनं तिला कुंपणाशी पाहिलं आणि हातातला ओला टॉवेल सहज टाकावा तसा डागावर टाकला.

"मार्था, आज लवकर आलीस कामावरनं? आन साडी उन्हात? तूच म्हन्तीस ना, रेशमाला ऊन दाखवू ने."

"निंबाचा वास फार भरलाय," आई म्हणाली. "जरा उडू दे म्हटलं."

माझ्या आईला खोटं बोलताना मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. तिला जमतही नव्हतं. ती बोलताना बाजेच्या दोरीकडे बघत होती. तारामावशी शेवग्याच्या बुंध्याशी फतकल मारून बसली. मग ती बोलत राहिली. आचारी किती हलकट आहे, बुंदीला साखर किती लागली, नगरची माणसं सकाळच्या गाडीनं येणार, मुलाची आई म्हणे चष्मा लावते. सूर्य सरकत होता. टॉवेलखाली डाग तसाच पिवळा बसून होता आणि माझ्या डोळ्यांदेखत दिवसातलं सगळ्यांत कडक ऊन वाया चाललं होतं. मी आईकडे बघितलं. आईनं नाक वर केलं आणि हुंगलं.

"तारा, तुझ्याकडे भात करपतोय का गं?"

"अगं बया!" म्हणत तारामावशी उठली आणि लुगड्याचा घोळ आवरत खरंच पळाली. आईनं टॉवेल उचलला. मला म्हणाली, "पाणी मार." त्या दिवशीचं ते तिचं दुसरं खोटं.

सूर्य मालधक्क्यामागे गेला तेव्हा डाग लिंबाच्या सालीच्या आतल्या रंगाचा उरला होता. माझ्या मानेची कातडी भाजून निघाली होती. आईनं तिला गार ताक लावलं, पातळ, पण लावलं. जेवताना ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी दोन तास ऊन मिळेल." ती रागवत नव्हती, आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती.

सकाळी बाज परत बाहेर. साडेआठला आईनं साडी उचलली. मला डाग दिसत होता, पण मला तो कुठे आहे हे माहीत होतं. आईनं बाबांना डोळे मिटायला लावले, मग साडी समोर धरून म्हणाली, "शोधा." बाबांनी दोनदा बघितलं आणि काठावरचा एक जुना चहाचा ठिपका दाखवला. आई म्हणाली, "चालेल." मग पितळी तांब्यात निखारे भरले, साडीवर पातळ धोतर पसरलं आणि त्यावरून तांब्या फिरवत इस्त्री केली. शालूताईला नेसवायला ती स्वतः गेली, मला बरोबर घेऊन. शालूताई माझ्याकडे बघतच नव्हती. आईनं निऱ्या घालताना ती जागा बरोबर तिसऱ्या आणि चौथ्या निरीच्या मध्ये घेतली, आतल्या बाजूला, आणि खोचून टाकली. मग तिच्या खांद्यावरचा पदर सारखा करत हळूच म्हणाली, "आता रडू नको. मिठाच्या पाण्याचे डाग रेशमावर राहतात." शालूताई हसली आणि हसता हसता रडली. ती चर्चमध्ये चालत गेली तेव्हा चष्मा लावणाऱ्या त्या बाईंनी शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, "किती जपलेली आहे साडी."

दुसऱ्या दिवशी आईनं मला पिण्याच्या पाण्यासाठी यथास्थित मारलं. पाठीत दोन. लग्नघराशेजारी रडणारी पोर नको, म्हणून ती थांबली होती. साडीबद्दल एक शब्दही नाही. मारून झाल्यावर तिनं एक जुनं फडकं घेतलं, त्याला हळद लावली, माझ्यासमोर साबण, मग लिंबू, मग ऊन. "आता सांग," म्हणाली. मी सांगितलं. त्यानंतर धुलाईघरातली घडी घालायची कामं सुट्टीत ती मला देऊ लागली. पुढे मी तिथेच नोकरीला लागले, आणि पंचवीस वर्षं केली. लोक म्हणतात, काय ते आयुष्य चादरींत घालवलंस. माझं काही बिघडलं नाही.

चौथ्या दिवशी तारामावशी साडी परत घेऊन आली. घर सुनं झाल्यामुळे तिचा आवाजही बसला होता. आईनं साडी धुतली, सावलीत वाळवली आणि घडी घालायला दोघी बाजेच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या. मी चुलीशी राख भरत होते. तारामावशीनं मधला भाग उजेडाकडे धरला आणि बघत राहिली.

"शालीचा हात हाय न्हवं ह्यो?"

आईनं आपल्याकडचे काठ जुळवले.

"मला तवाच कळलं हुतं. माज्या मागच्या दारापासनं तुज्या दारापतुर फरशीवर पिवळी पावलं. जायाची येगळी, यायाची येगळी. बाया भाईर यायच्या आत मीच पुसून काडली."

"मग येऊन अर्धा तास बसलीस कशाला?"

"म्हन्लं, मार्था सांगल. तू न्हाई सांगितलंस. मंग मी बी न्हाई ईचारलं."

आईनं साडीचं टोक सारखं केलं. "तारा, मी भाताचं खोटं सांगितलं तुला. करपल्याचा वास नव्हता."

"ठावं हाय. माज्या चुलीवर भातच नव्हता."

"अगं, मग पळालीस कशाला?"

"तुजं ऊन चाललं हुतं ना," तारामावशी म्हणाली.

आई हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, हातातली साडी हलू नये म्हणून हात ताठ धरून. तारामावशीही हसली आणि मग तिनं लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले. साडी मध्ये झोळीसारखी खाली आली होती. तारामावशीनं मान वळवून चुलीकडे बघितलं.

"निमे, ये हिकडं. मदला भाग वर धर, जमिनीला लागंल. आन हात पूस आदी."

मी हात पुसले, दोन्ही, दोनदा, आणि गेले.